निळी टिकली की निळी बांगडी?

गेल्या अंकात मी लेकीकडे स्ट्रासबर्गला काढलेल्या दिवसांबद्दल लिहिलं होतं आणि ओघात पूर्व फ्रान्समधल्या व्होझ डोंगरांतल्या पायवाटांचा विषय निघाला होता. त्यावर टपालाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून बरीच पत्रं आली. ज्यांनी व्हिसाबद्दल विचारलंय त्यांनी कृपया वकिलातीचं संकेतस्थळ बघावं. मी गुहागर तालुक्यात ३१ वर्षं भूगोल शिकवलाय. कागदपत्रांतलं मला माझ्या पेन्शनपुरतंच कळतं. बाकीच्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतलेत.

आम्ही दोघं साठी ओलांडलेले. मुलगा पॅरिसला असतो, मे अखेरीस जाणार आहोत. तो म्हणतो आल्प्सला जाऊ. तुमच्या व्होझमध्ये असं काय आहे जे आमच्या कुंभार्ली घाटात नाही? हातात चार दिवस, गुडघे बेताचे. (चिपळूण)

काका, कुंभार्लीचं नाव घेतलंत ते बरं केलंत, तिथूनच सुरुवात करू. जुलैत तुम्ही चिपळुणात छत्री घेऊन एसटीत बसता. घाटात काचेबाहेर काही दिसत नाही. पाटण मागे पडून गाडी कराडच्या रस्त्याला लागली की ढग विरळ होतात आणि छत्रीचं ओझं वाटायला लागतं. व्होझमध्ये नेमकं हेच होतं. वारा तिथेही पश्चिमेचाच, अटलांटिकवरून येणारा. माथ्यावर वर्षाला २,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस-बर्फ टाकतो आणि पलीकडे पायथ्याच्या कोलमार शहराला उरतात जेमतेम ६०० मिलिमीटर. कोलमार फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांत मोडतं, आणि म्हणून त्या उतारावर मैलोनमैल द्राक्षमळे. आपलं तासगावच म्हणा.

पण एक गोष्ट उलटी आहे. आपला सह्याद्री कोकणाकडे, पावसाच्या तोंडावर, भिंतीसारखा उभा आणि देशाकडे हळूहळू उतरत गेलेला. व्होझचा कडा पूर्वेला, कोरड्या अंगाला; पावसाच्या बाजूने तो सावकाश चढतो. मधली ऱ्हाईनची पट्टी खचून खाली गेली, तिच्या एका काठाला व्होझ उरला आणि दुसऱ्या काठाला जर्मनीतला ब्लॅक फॉरेस्ट, एकाच भाकरीचे दोन तुकडे असावेत तसे. श्लुख्त खिंडीत मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला दिशाच कळेना. कडा दिसला की त्या बाजूला खाली समुद्र असणार, हे आपल्या कोकणी अंगात इतकं मुरलंय की मी भर उन्हात पूर्वेला पश्चिम समजून बसले. लेक हसली. भूगोलाच्या बाईंचं हे असं!

उंचीच्या आकड्यांत पडू नका. सगळ्यात उंच ग्राँ बालाँ १,४२४ मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटहून थोडा कमीच. आल्प्स मुलाला पुढच्या वर्षी दाखवू द्या.

मुक्काम एकच ठेवा, मुन्स्टरला. पॅरिसहून स्ट्रासबर्गला वेगवान गाडी दोन तासांच्या आत पोचते, पुढे कोलमार अर्ध्या तासावर, आणि कोलमारहून एक छोटी गाडी मुन्स्टरच्या दरीत शिरते. तिथून वर श्लुख्त खिंडीपर्यंत (१,१३९ मीटर) उन्हाळ्यात ठरावीक दिवशीच बस असते, तेव्हा मुलाला भाड्याची मोटार घ्यायला लावा. खिंडीतून होनेक शिखर (१,३६३ मीटर) चारेक किलोमीटर. चढ सव्वादोनशे मीटरचा, तोही वाटून आलेला. तुमच्या गुडघ्यांना जमेल.

ही वाट मी तीनदा चालले. सुरुवातीला बीच नावाची झाडं लागतात, पण माथ्याच्या वाऱ्याने आणि बर्फाच्या वजनाने पार वाकडीतिकडी झालेली, पुरुषभर उंचीची. आपल्याकडे वेळणेश्वरच्या बाजूला समुद्राच्या वाऱ्याने एका अंगाला झुकलेली झाडं असतात ना, तशी. मग एकाएकी झाडं संपतात आणि मोकळं गवत सुरू होतं. त्या माळांना तिथे ‘शोम’ म्हणतात. मी मनात त्याला सडाच म्हणत होते. आपला सडा जांभ्याचा आणि हा मुख्यतः गुराख्यांनी शेकडो वर्षांत रान तोडून मोकळा केलेला, एवढाच फरक. गवतातून चालताना मधेच गुडघ्याएवढे दगड दिसतात. एका अंगावर ‘एफ’ कोरलेला आणि दुसऱ्या अंगावर ‘डी’, नाहीतर ‘डी’ छिन्नीने उडवलेला. १८७१ ते १९१८ ही फ्रान्स-जर्मनीची सरहद्द होती, तिचे ते खुंट. मी एकावर बसून डबा खाल्ला. एक मांडी फ्रान्समध्ये, दुसरी बिस्मार्ककडे.

होनेकवरून पूर्वेला बघा, खाली बर्फाच्या नदीने कोरलेली खोल वाटी दिसते. तिच्या कडेला शामोआ चरताना दिसण्याची शक्यता सकाळी जास्त. दिसतात बकरीसारखे, शिंगं टोकाला आकड्यासारखी वळलेली. ते मूळचे तिथले नव्हेत, १९५६ साली ब्लॅक फॉरेस्टमधून आणून सोडलेल्यांची ही पिल्लावळ.

श्लुख्तहूनच ‘सांतिए दे रोश’ म्हणजे खडकांची वाट निघते. कड्याच्या पोटातून, लोखंडी कठडे धरत, छोट्या पुलांवरून जाणारी. १९०८ ते १९११ या काळात हाइनरिश श्ट्रोमायर या वनअधिकाऱ्याने ती आखून घेतली. अप्रतिम आहे, पण तुम्ही जाऊ नका. मे अखेरीस सावलीच्या घळींत बर्फ राहिलेलं असू शकतं आणि खडक ओला असतो. वहिनींना वर बसवून मुलगा एकटा जाऊन येईल, तर तसंही नको; तिथे दोघांनी जावं.

एक दिवस ला ब्रेस गावाजवळच्या लिस्पाक तळ्याला द्या. तळ्यावर शेवाळाचा जाडजूड थर तरंगतो, ओल्या गादीसारखा. काठाने चाला आणि एका जागी उकिडवं बसून बघा. नखाएवढी तांबूस गोल पानं, त्यांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मी बघत होते तेव्हा एका पानावर चिलट अडकलेलं होतं, एक पाय अजून हलत होता, आणि कडेचे केस त्याच्याकडे वळलेले होते. ही दवबिंदू, किडे खाणारी वनस्पती! श्रावणात आपल्या सड्यांवर तिच्या बहिणी असतात. मी वर्गाला दरवर्षी दाखवायला न्यायची. साडेसहा हजार किलोमीटरांवर ती भेटल्यावर माहेरचं माणूस दिसल्यासारखं झालं.

तांदोंचा धबधबा ३२ मीटरचा आहे आणि सगळ्या माहितीपत्रकांवर त्याचा फोटो असतो. मार्लेश्वर पाहिलेल्या माणसाने त्यासाठी वाट वाकडी करू नये, असं माझं स्पष्ट मत.

मी सह्याद्रीत ट्रेक करतो. दोन वर्षांपूर्वी एका घाटवाटेवर आम्ही सहा तास चुकलो होतो. व्होझमध्ये गाइड घ्यावा लागतो का? (सावंतवाडी)

नाही लागत. पण खुणा वाचायला शिकावं लागतं, आणि ते मी कसं शिकले ते सांगते.

१८७२ साली साव्हेर्न गावात ‘क्लब व्होझियाँ’ नावाची चालणाऱ्यांची मंडळी जमली. तेव्हा तो मुलूख नुकताच जर्मनीकडे गेला होता. ती संस्था अजून चालू आहे आणि तिचे स्वयंसेवक हातात रंगाचा डबा घेऊन सुमारे २०,००० किलोमीटर वाटा राखतात. झाडावर, खडकावर तळहाताएवढ्या खुणा असतात. आयताची पट्टी म्हणजे लांब पल्ल्याची वाट. फ्रान्समध्ये इतरत्र अशा मोठ्या वाटांवर पांढरा-लाल पट्टा असतो, इथे मात्र हॉलंडकडून येऊन भूमध्य समुद्राकडे जाणारी प्रसिद्ध वाटसुद्धा लाल पट्टीनेच ओळखायची. शिवाय फुली, त्रिकोण, भरीव गोल, आणि पोकळ गोल. मी माझ्या सोयीसाठी भरीव गोलाला टिकली म्हणायची आणि पोकळ गोलाला बांगडी.

तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी निघाले. मुन्स्टरच्या वरच्या रानात निळ्या टिकलीच्या मागे जायचं होतं. धुकं होतं, फरची झाडं ठिबकत होती. पहिल्या वळणावर झाडावर निळा गोल दिसला, मधे पांढरा. मी म्हटलं, मधला रंग उडालाय, आपल्या शाळेच्या फळ्यासारखा. पुढच्या झाडावरही उडालेला. त्याच्या पुढेही. तरी मला शंका आली नाही! रंग सगळीकडे बरोब्बर मधोमधच कसा उडेल, हा प्रश्न दहावीच्या मुलाने विचारला असता. दोन तास चढ-उतार करून झाडी विरळ झाली, समोर गाडीतळ दिसला. एक पिवळी मोटार, मागच्या काचेतून बघणारं तेच कुत्रं. निघाले तेव्हाही ते माझ्याकडे असंच बघत होतं. बांगडी म्हणजे फेरीची वाट, जिथून निघालात तिथे आणून सोडणारी.

तेव्हा निघण्यापूर्वी पाटीवर आपली खूण नीट बघून घ्या, रंग आणि आकार दोन्ही. पाच-सात मिनिटं चालून खूण दिसली नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. हल्ली याची गरज जास्त पडते. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी तिथली स्प्रूसची झाडं सुकली आणि सालीखालचे भुंगेरे सुटले. धडधाकट झाड चीक सोडून भुंगेऱ्याला बाहेर ढकलतं, तहानलेल्याला ते जमत नाही. काजूच्या बागेत खोडकिडा लागल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मेलेली झाडं तोडतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यावरच्या खुणाही जातात. वाटेकडेला ओंडक्यांच्या राशी दिसतील, फोटोसाठी त्यांवर चढू नका, त्या घसरतात.

कागदी नकाशा घ्या, १:२५,००० प्रमाणाचा, ज्यावर क्लबच्या खुणा छापलेल्या असतात. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. अडचणीचा नंबर आपल्यासारखाच, ११२.

आमची चिरेखाण आहे. तुम्ही तिथला दगड लाल असतो असं लिहिलंत. तो जांभाच का? (राजापूर)

रंगाला कारण एकच, लोखंडाचा गंज. जात मात्र वेगळी. आपला जांभा म्हणजे काळा खडक ऊन-पावसात जागच्या जागी कुजून झालेला, म्हणून त्यात भोकं. तिथला गुलाबी दगड वाळूचा, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या रेतीचा. बोटाने घासलात तर कण सुटून हाताला लागतात. काही थरांत गोटे तसेच्या तसे रुतलेले दिसतात, चिक्कीत शेंगदाणे असावेत तसे. हा दगड मुख्यतः उत्तर व्होझमध्ये आणि कडेच्या टेकड्यांत. दक्षिणेची उंच शिखरं ग्रॅनाइटवर आहेत.

स्ट्रासबर्गचं कॅथेड्रल याच दगडाचं. मनोरा १४२ मीटर, १४३९ साली पुरा झाला आणि पुढे १६४७ ते १८७४ अशी दोनशेहून अधिक वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत म्हणून मिरवला. पण तुम्ही खाणवाले, तुम्ही साँत-ओदिल डोंगरावर जा. वर मठ आहे, तिथे गर्दी. मठाला वळसा घालून रानात शिरा, तिथे दहाएक किलोमीटर लांबीचा प्राचीन तट आहे. चुना नाही, माती नाही, नुसते घडवलेले चिरे एकावर एक, शेवाळलेले. शेजारच्या दोन चिऱ्यांच्या वरच्या अंगाला खाच असते, कडेला अरुंद आणि आत रुंद होत गेलेली. दोन्ही खाचा मिळून मधे निमुळता आणि टोकांना पसरट असा ओकचा तुकडा बसवायचा, की चिरे एकमेकांना धरून राहतात. लाकूड गेलंय, खाचा आहेत. मी बोट घालून बघितलं. आत फरच्या सुया आणि पावसाचं पाणी साचलेलं होतं, पण कडा अजून करकरीत. आमचे वडील घराचं जोतं बांधताना गवंड्याला म्हणायचे, ‘चिरा चिऱ्याशी बोलला पाहिजे’. ते इथे हवे होते.

आमच्याकडे माकडतापामुळे रानात जायची धास्ती बसलीय. तिथे गोचीड असतात का? (दोडामार्ग)

असतात आणि चावतात. अल्सास (स्ट्रासबर्ग-कोलमारचा प्रांत) आणि व्होझच्या बाजूला त्यांचा त्रास बराच आहे. माकडताप विषाणूचा, तिथली काळजी मुख्यतः लाइम नावाच्या आजाराची, जो जिवाणूमुळे होतो आणि वेळेत कळला तर प्रतिजैविकांनी बरा होतो.

फिकट रंगाचे पूर्ण कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा (दिसतं हास्यास्पद, तिथे सगळेच तसे दिसतात), आणि वाटेच्या मधून चाला. उंच गवतात बसू नका. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला बघा. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढा असतो. सापडला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. औषधाच्या दुकानात त्यासाठी छोटा आकडाही मिळतो. तेल, काडीपेटी, नेलपॉलिश यातलं काहीही नको, गावात कोणी काहीही सांगितलेलं असो. तारीख लिहून ठेवा आणि महिनाभर त्या जागेकडे लक्ष ठेवा. लाल डाग हळूहळू पसरत गेला किंवा परत आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना फ्रान्सच्या रानात गेल्याचं आपणहून सांगा. दोडामार्गातल्या डॉक्टरांना आधी माकडतापच आठवणार, त्यात त्यांची चूक नाही.

सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यांना घेऊन डोंगरात जावं का? (देवगड)

अगं, जा, पण डबा घेऊन.

माथ्यावरच्या माळांवर शेतघरं आहेत, ‘फेर्म-ओबेर्ज’ म्हणतात. गाई त्यांच्या, चीज त्यांचं, जेवणही तेच वाढतात. आधी फोन करून जागा राखावी लागते. या गुराख्यांना ‘मार्केर’ म्हणतात. जर्मनमधला दूध काढणारा ‘मेल्कर’ फ्रेंच तोंडात जाऊन झालेला हा शब्द. गाई व्होझच्याच जातीच्या, काळ्या, पाठीवर शेपटीपर्यंत पांढरा पट्टा. त्यांचं ठरलेलं जेवण म्हणजे मांस भरून भाजलेली पेस्ट्री, खारवलेलं डुक्कर, आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले बटाटे-कांदे. बटाटे म्हणून तू निश्चिंत होशील, तर त्यातही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ते तुकडे मांसात धरले जात नाहीत बहुधा. ‘साँ व्हियांद, साँ लार्दों’, म्हणजे मांस नको आणि ते तुकडेही नकोत, असं दोन्ही म्हण. मुन्स्टर चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, हे सासूबाईंना आधीच सांग, नंतर कळलं तर तुझ्यावर येईल. शिवाय त्याचा वास! सुकट वाळत घातलेल्या अंगणातून जाताना येतो त्याच्या जवळपासचा. मला आवडलं, पण मी मासे खाणारी. गोड म्हणून ताजं चीज देतात, त्यावर चेरीची दारू ओततात. रानातल्या निळ्या बोरांचा, मिर्तीयचा, टार्ट फार सुंदर, चवीला करवंदाची बहीण, पण त्यात बरेचदा अंडं.

तेव्हा भाजणी, मेतकूट, पोहे बॅगेत. तूप आणि पेढे मात्र नकोत. दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे.

सप्टेंबर चांगला असं ऐकलं. पण आमच्याकडे गणपती. (संगमेश्वर)

गणपती सोडून फ्रान्सला जा असं सांगितलं तर मला संगमेश्वरात पाय ठेवायला नको. विसर्जन करून निघा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सांबराएवढ्या लाल हरणांचे नर संध्याकाळी रानात ओरडतात, त्याला ‘ब्राम’ म्हणतात. ऑक्टोबरात बीचची पानं तांब्याच्या भांड्यासारखी होतात. याच दिवसांत शिकारीचा मोसमही असतो. वाटेच्या तोंडाशी ‘शास आँ कूर’ अशी पाटी दिसली, तर शिकार चालू आहे, दुसरी वाट धरा, आणि एरवीही भगवं-केशरी काहीतरी अंगावर असू द्या. स्वेटर, कानटोपी हवीच. मी जुलैतच परत आले, त्यामुळे तो हरणांचा ओरडा मला लेकीने फोनवर ऐकवला तेवढाच. नीट ऐकूही आला नाही, मागे वारा होता. तुम्ही जाऊन आलात की पत्र टाका.